काना दोनदा उमटतो

१२ फेब्रुवारी

काना दोनदा उमटतोय!

सकाळी मास्तरांचं कार्ड समोर उभं केलं, पहिली ओळ टाइप केली, मान वर करून पाहतो तर एका कान्यापुढे दुसरा काना. दुसऱ्याला टेकायला अक्षर नाही, म्हणून त्याच्या बाजूला ते टिंबांचं पोकळ वर्तुळ. पानभर अशी सात वर्तुळं. मोजली.

काल कॉम्प्युटरवरचं लिनक्स अपग्रेड केलं, त्याचं हे बक्षीस. जुनी सेटिंग्ज वर्षानुवर्षं साचली होती, ती उचलली नाहीत. सगळं कोरं घेतलं. ही दारात उभी राहून म्हणत होती — "चालतंय ना सगळं? मग कशाला हात लावतोस?" मग म्हणाली, "तुझ्या त्या मित्राला, पेंग्विनला तरी विचार." मी म्हटलं, अठरा वर्षं हे मशीन वापरतोय, मला काय विचारायचंय त्याला. आता तोंड दाखवायला जागा नाही.

मास्तरांचं काम मार्चअखेर छापायला जायचं आहे. गवतांची सूची. सहाशे चाळीस कार्डं, सगळी हाताने लिहिलेली. मास्तर वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आता चौऱ्याऐंशीचे आहेत. घाई त्यांना आहे, पण बोलून दाखवत नाहीत. माझी दोनशे दहा कार्डं झाली आहेत.

१३ फेब्रुवारी

कीबोर्ड उलटा करून झटकला. बिस्किटाचा चुरा, एक स्टेपलरची पिन, माझेच केस — काळे आणि पांढरे दोन्ही. ब्रशने बटणं पुसली. फरक नाही.

वायर काढून दुसऱ्या भोकात लावली. फरक नाही.

कपाटातला जुना कीबोर्ड काढला, तो पिवळा पडलेला, कडकड वाजणारा. फरक नाही! म्हणजे कीबोर्ड निर्दोष. दोष आतच आहे, अपग्रेडमध्ये. मनातून बरं वाटलं. आतला दोष शोधता येतो.

१४ फेब्रुवारी

बटण दाबून धरलं की अक्षर आपोआप परत परत उमटतं, ती सोय बिघडली असेल असं वाटलं. वेळ वाढवून पाहिला. शेवटी ती सोयच बंद केली. तरी काना दोनदा! आता दाबून धरलं तरी एकच अक्षर येतं, आणि नुसतं टाइप केलं तर दोन. डोकं फिरायची पाळी आली.

अण्णांची आठवण झाली. वडिलांच्या त्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाजवळ बसून मी शाळेचा अभ्यास करायचो. शेवटच्या वर्षांत त्यांनी चिमटे तीनदा बदलले. मग दिवा बदलला. मग स्क्रू पुरवणाऱ्याशी भांडले — हल्ली आटेच नीट पाडत नाहीत म्हणे. मीही तसाच, एकदा मागे लागलो की लागलो.

१५ फेब्रुवारी

सापडलं बहुतेक.

आज चुकांची यादी केली. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार. हेच दोनदा येतात. क, त, प, र यांना काहीच होत नाही. व्यंजनं शहाण्यासारखी वागतात आणि खोड्या फक्त स्वरांच्या. म्हणजे हे काम मराठी टायपिंगच्या प्रोग्रामचं. स्वरचिन्हं तो वेगळ्या रीतीने हाताळत असणार आणि नव्या आवृत्तीत कोणीतरी तिथे घाण केली असणार.

लिनक्सवाल्यांच्या फोरमवर सविस्तर लिहिलं. आवृत्ती, कीबोर्ड, काय काय करून पाहिलं, सगळं. लिहिताना तिथेही दोनदा उमटत होतं, ते खोडत खोडत लिहिलं.

हिला उत्साहाने सांगितलं. "असेल," म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही. प्रुफं वाचत होती.

१६ फेब्रुवारी

हिच्याबरोबर आज खटका उडाला.

सव्वीस वर्षं मी टाइप करतो आणि ही प्रुफं वाचते. आमची ओळखच मुळी छापखान्यात झाली, माझ्या चुकांवरून. लाल रंगाने शाळामास्तरीण झाल्यासारखं वाटतं म्हणून ही हिरवी पेन्सिल वापरते. आज पंचवीस पानं परत आली, सगळी हिरवीगार. मी चिडून मास्तरांचा एक अख्खा परिच्छेद काट मारून टाकला — नाहीतरी तेच आधी येऊन गेलंय म्हणून. दुपारी पान परत टेबलावर. माझ्या काट मारलेल्या ओळींखाली हिरवे ठिपके, आणि समासात तिच्या बारीक अक्षरात "राहू दे". छापखान्यातली जुनी खूण. खोडलेलं चुकून खोडलंय, होतं तसं ठेवा.

मी म्हटलं, "मास्तरांना कळणारही नाही."

"त्यांनी लिहिलंय ना? मग राहू दे."

तिचंच बरोबर होतं. तसं कबूल मात्र केलं नाही.

१७ फेब्रुवारी

आज एक गोष्ट आठवली. मागच्या वर्षी नेमकी उलटी तक्रार होती! त्या निबंधांच्या पुस्तकात "मनन" लिहिलं की "मन" उमटायचं. "जननी"ची "जनी" व्हायची. एकच अक्षर पाठोपाठ आलं की मशीन दुसरं खाऊन टाकायचं. हळू टाइप केलं तर यायचं. तेव्हा ही म्हणाली होती, "तू घाई करतोस. मी बघते ना प्रुफात." मी सोडून दिलं.

मागच्या वर्षी गिळत होतं आणि आता ओकतंय. दोन्हींचा काहीतरी संबंध असणार. जेवताना हिला बोलून दाखवलं.

ही पाणी आणायला उठली. तांब्या भरलेला होता.

१८ फेब्रुवारी

शेवटी पेंग्विनला फोन केला. रविवार होता म्हणून घरी सापडला. यानेच मला लिनक्सला लावलं. लिनक्सचं चिन्ह पेंग्विन आणि याची चालही तशीच, म्हणून नाव पडलं. गाव सोडून गेला तेव्हापासून फोनवर आणि दुरून मशीनमध्ये शिरून मदत करतो.

आज विचित्र बोलला. एरवी हा माणूस काही म्हणजे काही आयतं सांगत नाही. "तूच शोध, तुला सापडेल," हे त्याचं ठरलेलं. आज मी काना दोनदा उमटतो एवढं म्हणालो आणि हा लगेच — "मला पाच मिनिटं आत येऊ दे, मी करून देतो."

"आधी झालंय काय ते तर सांग."

"अरे, काही नाही, एक सेटिंग आहे. तू दे ना मला."

"कुठलं सेटिंग?"

मग म्हणाला, "वहिनी आहेत का घरात?"

मी म्हटलं, वहिनी काय करणार आहेत कीबोर्डचं? आणि फोन ठेवला. माझं मशीन आहे, मी शोधीन.

१९ फेब्रुवारी

म दोनदा आला. मग न.

म आणि न स्वर नाहीत. प्रोग्रामचा दोष म्हणावा तर आता म्हणता येत नाही. इंग्रजीत टाइप करून पाहिलं. तिथेही येतंय — सगळीच अक्षरं नाहीत, काही ठरावीक. चार दिवसांची माझी हुशारी पाण्यात गेली.

२० फेब्रुवारी

आज बटणांकडे बघून टाइप केलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. माझी बोटं जातात तिथे जातात, बटण कुठे आहे हे मला तोंडाने विचारलं तर सांगता येणार नाही.

दोनदा उमटणारी अक्षरं कागदावर लिहिली आणि एकेक बटण शोधलं. काना. वेलांटी. मात्रा. अनुस्वार. म. न. मग एक कोरा कागद घेऊन कीबोर्डच्या उजव्या अर्ध्यावर ठेवला. यादीतलं एकही अक्षर कागदाखाली गेलं नाही.

मराठीच्या कीबोर्डवर स्वर डावीकडे असतात आणि बहुतेक व्यंजनं उजवीकडे. हे शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी सांगतात. मीच सांगायचो.

डावा अर्धा भाग बिघडला म्हणावं तर दोन कीबोर्ड एकाच जागी कसे बिघडतील? झेरॉक्सवाल्याकडून तिसरा मागून आणला. त्याचाही डावा अर्धाच.

यापुढे आज विचार करायचा नाही असं ठरवलं आहे.

२१ फेब्रुवारी

फोरमवर उत्तर आलं. कोण आहे माहीत नाही, "जुना टंकलेखक" असं नाव लावतो. त्याने एक छोटा प्रोग्राम चालवायला सांगितला. बटण दाबलं की एक ओळ, सोडलं की एक ओळ, पुढे वेळ. मशीनच्या सेटिंग्जचा त्यावर परिणाम होत नाही, बटणाला जे झालं तेच तो लिहितो.

एक कार्ड टाइप केलं आणि ओळी पाहिल्या. काना — दाबला, सोडला, दाबला, सोडला. मशीनने मनाचं काही केलेलं नाही. बटण खरोखर दोनदा दाबलं गेलंय. मधलं अंतर एकशे साठ मिलिसेकंद. पुढच्या वेळी एकशे नव्वद. मग दोनशे साठ.

आकडे फोरमवर टाकले. तासाभरात त्याचं उत्तर आलं, आहे तसं उतरवतो —

"पाच-दहा असतं तर बटण खराब म्हटलं असतं. शंभराच्या वर असेल तर बटण नाही, बोट. रागावू नका. हात दाखवून घ्या."

रागावलो. कॉम्प्युटर बंद केला.

मला तर काही जाणवत नाही. हात टेबलावर ठेवला की ठीक असतो. थोडा वेळ बघत बसलो तर अंगठा हलल्यासारखा वाटला. पण बघत बसलं की कुणाचाही हलेल.

२२ फेब्रुवारी

मशीनच! मशीनच आहे!

सकाळी हिला म्हटलं, "जरा एक कार्ड तू टाइप कर. मला बघायचंय." दोन बोटांनी टाइप करते, पण येतं तिला. जरा घुटमळली. मग बसली. मी मागे उभा. दोनशे छप्पन्न नंबरचं कार्ड, ओढ्याकाठचं गवत, बारा ओळी. पाचव्या ओळीत काना दोनदा! दहाव्या ओळीत पुन्हा!

"बघ," ही म्हणाली, "माझ्याकडूनही येतंय. मशीनच आहे. पेंग्विनला बघू दे एकदा."

मी तिच्या डोक्यावर टपली मारली. खूप हलकं वाटलं. तो जुना टंकलेखक मोठा डॉक्टर लागून गेला! दुपारी दोघांनी चहा घेतला, मी बडबडत होतो. मास्तरांची नक्कल केली. ही हसली, पण नेहमीसारखी नाही, जरा उशिरा.

२३ फेब्रुवारी

नोंदीचा तो छोटा प्रोग्राम काल बंद करायचा राहिला होता. हिने टाइप केलं तेव्हाही चालू होता.

आज दुपारी ती भाजी आणायला गेली तेव्हा ओळी पाहिल्या. दोन काने सोडले तर बाराही ओळींत तिचं प्रत्येक बटण दाबलं, सोडलं, सरळ. पाचव्या ओळीतला काना — दाबला, सोडला. मग सातशे चाळीस मिलिसेकंद काही नाही. मग दाबला, सोडला. दहाव्या ओळीतला — आठशे दहा.

एवढ्या वेळात माणूस विचार करून बटण दाबतो.

तिने मुद्दाम दाबला.

ही माझ्याशी खोटं बोलत नाही. मला आवडो न आवडो, सव्वीस वर्षांत एकही चूक तिने प्रुफात सोडलेली नाही. आणि काल माझ्यासमोर बसून, स्वतःच्या बोटाने, दोन चुका केल्या.

ती आली तेव्हा मी पिशवी घ्यायला पुढे झालो. डावा हात पुढे केला. तिने ती माझ्या उजव्या हातात दिली. असं ती कधीपासून करतेय, मला सांगता येणार नाही.

२४ फेब्रुवारी

अपग्रेडच्या आधी जुन्या मशीनची अख्खी नक्कल वेगळ्या डिस्कवर ठेवली होती. ती आज जोडली.

पेंग्विनची एक सवय आहे. कुणाच्याही मशीनला हात लावला की त्याच मशीनवर एका साध्या फाइलीत तारीख घालून लिहून ठेवायचं — काय बदललं, का, कुणाच्या सांगण्यावरून. त्याच्यापुरतं, पुढच्या वेळी गोंधळ नको म्हणून. मी ती फाइल कधी उघडली नव्हती. आज उघडली. अठरा वर्षांच्या नोंदी आहेत. प्रिंटर, फॉन्ट, घड्याळ पुढे जात होतं ते. शेवटच्या तीन इथे उतरवतो.

"९ ऑगस्ट. एकच बटण लगेच परत दाबलं गेलं तर दुसरं दाबणं सोडून द्यावं, हे सेटिंग चालू केलं. १२० मिलिसेकंद. वहिनींच्या सांगण्यावरून. त्याला सांगायचं नाही."

"२० जानेवारी. तेच, १८० केलं. वहिनी."

"३ नोव्हेंबर. २५० केलं. याहून वाढवलं तर बरोबरची अक्षरंही जातील, तसं वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, जाऊ देत, ती मी घालीन."

पहिली तारीख दीड वर्षापूर्वीची आहे.

म्हणजे मनन, जननी, सगळं तिने घातलं. मला सगळं स्वच्छ उमटताना दिसत होतं. आणि मी रविवारी दोन तास बसून तिचं दीड वर्षाचं काम पुसून टाकलं, वर शिट्टी वाजवत.

१२०. १८०. २५०. हे आकडे परत परत वाचले. बटणाचे नाहीत ते.

२५ फेब्रुवारी

ताईला फोन केला. अण्णांचं शेवटचं सगळं तिने केलं, मी तेव्हा नोकरीच्या गावी होतो. इकडचं तिकडचं बोललो आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, अण्णांचा आधी कुठला हात थरथरायला लागला होता गं?

"डावा," ताई म्हणाली. "का रे?"

"काही नाही, असंच."

"चिमटा धरायचे तो. तुला आठवत नाही? चिमटेच खराब म्हणायचे. आईला कळलं होतं कधीच. ती रोज संध्याकाळी जमिनीवर पडलेले स्क्रू वेचून परत डबीत टाकायची, त्यांना कमी वाटू नयेत म्हणून."

मी हे ऐकलं नव्हतं. ताई म्हणाली, "बरा आहेस ना?" मी म्हटलं, एकदम.

अण्णांना पहिला चिमटा बदलल्यापासून शर्टाची बटणं लावता येईनाशी होईपर्यंत सहा वर्षं मिळाली. ताईने सांगितलं नाही, मीच हिशेब केला.

२६ फेब्रुवारी

आज ते सेटिंग मी स्वतः चालू केलं. २५० ने काम भागलं नाही. ३०० वर ठेवलं.

पेंग्विनच्या फाइलीत त्याच्याच पद्धतीने एक ओळ घातली. "२६ फेब्रुवारी. तेच, ३०० केलं. माझ्या सांगण्यावरून. हिला सांगायचं नाही."

मग दिवसभर टाइप केलं. सत्तावीस कार्डं. एकही वर्तुळ नाही. संध्याकाळी प्रुफं दिली तेव्हा तिने दोन पानं चाळली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "एक सेटिंग होतं. सापडलं. प्रोग्रामचीच चूक."

"म्हटलं नव्हतं मी?" म्हणाली. किती सुटल्यासारखी म्हणाली! स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी गुणगुणायला लागली. कितीतरी दिवसांनी ऐकलं. एवढं तरी तिला देता आलं. मास्तरांचं पुस्तक होईल. त्याच्यापुढचं कुठलं मी टाइप करीन, माहीत नाही. तिने माझ्यासाठी लपवलं तसं आता मी तिच्यासाठी लपवीन. चाललं तितके दिवस चालेल.

ही वही टेबलाच्या खणात असते, तिच्या शार्पनरशेजारी. कुलूप नाही. इतक्या वर्षांत तिने कधी उघडलेली नाही. आता दुसरीकडे ठेवायला हवी. उद्या बघू.

अक्षर अजून चांगलं आहे. उजवा हात आहे.

मला भीती वाटते. एकट्याने हे होणार नाही. तिला सांगावंसं वाटतं.

— वरची ओळ खोडली. वहीतसुद्धा असलं लिहायला नको.

२७ फेब्रुवारी

सकाळी वही उघडली. कालच्या पानावर, खोडलेल्या ओळीखाली, हिरव्या पेन्सिलीचे ठिपके आहेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक शब्द न सोडता. समासात तिच्या बारीक अक्षरात लिहिलंय — राहू दे.